ओर्सिनीचा बॉम्ब आणि त्यानं पाडलेलं भलतंच सरकार

फ्रान्सच्या बादशहाला मारण्यासाठी एका इटालियन माणसानं बॉम्ब टाकला. बादशहा वाचला. पाच आठवड्यांनी सरकार पडलं ते ब्रिटनचं. पुढे दीड वर्षाच्या आत त्याच बादशहानं इटालियन लोकांच्या बाजूनं ऑस्ट्रियाशी लढाई केली. आणि या सगळ्या गोंधळात, ईस्ट इंडिया कंपनीकडून हिंदुस्थान काढून घ्यायचं विधेयक लंडनमध्ये लोंबकळत पडलं ते वेगळंच.

१८५८ म्हटलं की आपल्याला शाळेतला राणीचा जाहीरनामा आठवतो. त्याच वर्षी युरोपात काय शिजत होतं, हे त्या धड्यात नसतं. म्हणून हे प्रकरण जरा सावकाश उलगडू या. त्यातली माणसं बरीच आहेत, देश चार आहेत, आणि कोण कोणावर का चिडलंय हे पहिल्या वाचनात कळत नाही.

इटालियन माणूस फ्रान्सच्या बादशहावर का चिडला?

आज आपण ज्याला इटली म्हणतो तो देश तेव्हा नव्हता. वायव्येला पीडमाँट-सार्डिनियाचं राज्य, मिलान आणि व्हेनिसवर ऑस्ट्रियाचा अंमल, मधल्या पट्ट्यात खुद्द पोपचं राज्य, दक्षिणेला नेपल्सचा राजा, आणि अधूनमधून लहानसहान संस्थानं. हे सगळं एक करून परकीयांना हाकलायचं, हे त्या काळातल्या कितीतरी इटालियन तरुणांचं स्वप्न होतं. त्यांचा गुरू म्हणजे जोसेफ माझिनी. मराठी वाचकांना हे नाव परकं नाही. सावरकरांनी १९०७ साली त्याचं आत्मचरित्र मराठीत आणलं.

फेलिचे ओर्सिनी हा माझिनीच्याच मुशीतला. जन्म १८१९ चा, पोपच्या राज्यातल्या मेल्दोला गावचा. १८४४ मध्ये कटाच्या आरोपावरून पकडला गेला, जन्मठेप झाली, दोन वर्षांनी नव्या पोपनं सरसकट माफी दिली तेव्हा सुटला. १८४९ मध्ये क्रांतिकारकांनी पोपला पळवून लावून रोममध्ये प्रजासत्ताक उभं केलं, त्याच्या विधानसभेत ओर्सिनी निवडून आला. हे प्रजासत्ताक जेमतेम पाच महिने टिकलं. ते बुडवलं फ्रेंच फौजेनं, आणि ती फौज धाडणारा होता लुई-नेपोलियन. मोठ्या नेपोलियनचा हा पुतण्या तेव्हा फ्रान्सचा निवडून आलेला अध्यक्ष होता. १८५१ च्या डिसेंबरात त्यानं स्वतःच्याच देशाची राज्यघटना गुंडाळून सत्ता बळकावली आणि वर्षभरात तो नेपोलियन तिसरा या नावानं बादशहा झाला. रोममधली फ्रेंच पलटण मात्र तिथंच राहिली, पोपच्या राखणीला.

या रागाला आणखी एक कंगोरा आहे. हाच लुई-नेपोलियन विशीत असताना, १८३१ साली, आपल्या थोरल्या भावाबरोबर इटलीतल्या बंडखोरांना जाऊन मिळाला होता. तो भाऊ त्याच धामधुमीत आजारी पडून फोर्ली गावात वारला. फोर्लीपासून मेल्दोला अगदी जवळ. म्हणजे ओर्सिनीच्या लेखी हा नुसता शत्रू नव्हता, आपल्यातून फुटून गेलेला माणूस होता.

आता त्याचा हिशेब बघा. बादशहा मेला की फ्रान्समध्ये क्रांती होईल, क्रांती झाली की प्रजासत्ताक येईल, आणि प्रजासत्ताक फ्रान्स इटलीला हात देईल. कागदावर ओळीनं लिहायला हे सोपं आहे. यातलं पहिलं पाऊल सोडलं तर पुढचं एकही ओर्सिनीच्या हातात नव्हतं. बादशहाचं साम्राज्य त्याच्या एकट्याच्या जिवावर उभं आहे, तो गेला की सगळं कोसळेल, असं तो धरून चालला होता.

मांतुआचा तुरुंग

दरम्यान ओर्सिनी युरोपभर भटकत होता. १८५४ च्या अखेरीस तो ऑस्ट्रियनांच्या हाती लागला आणि मांतुआच्या सान जॉर्जो किल्ल्यात जाऊन पडला. तिथून कुणी पळत नाही अशी त्या जागेची ख्याती. बाहेरून लपवून आणलेल्या कानशीच्या पात्यांनी त्यानं खिडकीचे गज कापले, १८५६ च्या मार्चअखेरीच्या एका रात्री चादरींच्या चिंध्या बांधून तो भिंतीवरून खाली उतरला, शेवटी पडला आणि पाय जायबंदी करून घेतला. किल्ल्याच्या खंदकातून वर चढता येईना. उजाडल्यावर वरून जाणाऱ्या लोकांना त्यानं हाका मारल्या. एकदोघांनी कानाडोळा केला. शेवटी काहींनी दोर टाकून त्याला बाहेर ओढलं.

इंग्लंडात पोचल्यावर तो हिरोच झाला. गावोगाव त्याची व्याख्यानं ठरली, ऑस्ट्रियाच्या तुरुंगांवरचं त्याचं पुस्तक हातोहात खपलं. ऑस्ट्रियाला शिव्या घालणारा देखणा, दाढीवाला कैदी हे इंग्रज श्रोत्यांना आवडण्यासारखंच होतं. माझिनीशी मात्र याच काळात त्याचं फाटलं. पुढचा कट त्यानं माझिनीला वगळून रचला.

बॉम्ब

तोवरच्या बहुतेक बॉम्बना वात असायची. ती पेटवायची, फेकायचं, आणि ती वाटेत विझू नये म्हणून देवाचं नाव घ्यायचं. ओर्सिनीच्या बॉम्बला वात नव्हती. ओतीव लोखंडाचा पोकळ गोळा, त्याच्या खालच्या भागाला बाहेरून बोंडांसारखी टोकं, आणि प्रत्येक टोकावर बंदुकीला लावतात तशी टोपी. दिवाळीत पिस्तुलातली टिकली आपटली की फुटते, ते तत्त्व इथं माणसं मारायला लावलेलं. खालचा भाग मुद्दाम जड ठेवलेला, म्हणजे गोळा कसाही फेकला तरी टोकांवरच आपटावा. आत पाऱ्यापासून केलेलं एक अतिशय चिडखोर स्फोटक होतं. पॅरिसच्या भाड्याच्या खोलीत ते शेकोटीजवळ वाळवताना ओर्सिनी एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात थर्मामीटर घेऊन बसायचा.

हे पोकळ गोळे बनवले बर्मिंगहॅमच्या जोसेफ टेलर नावाच्या कारागिरानं. ऑर्डर दिली टॉमस ऑल्सॉप या वयस्क इंग्रज सुधारकानं, लष्करी वापरासाठी नवा नमुना हवाय असं सांगून. गोळे समुद्रापार गेले ते गॅसच्या दिव्यांची उपकरणं म्हणून. ओर्सिनी स्वतः पॅरिसला गेला तो ऑल्सॉपच्याच पासपोर्टवर, इंग्रज गृहस्थ बनून. लंडनमधून मदत करणारा आणखी एक जण होता, सिमों बेर्नार हा परागंदा फ्रेंच डॉक्टर. हे तपशील लक्षात ठेवा. बॉम्ब इंग्लिश, पासपोर्ट इंग्लिश, कट लंडनमध्ये शिजलेला: पुढचं सगळं रामायण यावरून घडलं.

१४ जानेवारी १८५८

तेव्हा पॅरिसचा ऑपेरा ल पेल्तिए नावाच्या अरुंद रस्त्यावर होता. त्या रात्री मासोल नावाच्या गायकाच्या निरोपाचा कार्यक्रम होता आणि बादशहा-बादशाहीण येणार हे जाहीर होतं. कार्यक्रमात रोसिनीचा 'विल्यम टेल' होता, म्हणजे जुलमी अधिकाऱ्याला बाणानं मारणाऱ्याची कथा. आणि नाचाच्या मेजवानीत राजाचा खून होतो त्या ऑपेराचाही एक अंक होता. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. पण कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकानं खोडलं असतं.

कटात चौघे: ओर्सिनी, पिएरी, गोमेझ आणि रूदिओ. गाडी यायच्या काही मिनिटं आधी पिएरीला एका पोलिस अधिकाऱ्यानं ओळखलं आणि बॉम्बसकट धरलं. तरीही रस्ता मोकळा केला गेला नाही, की गाडी वळवली गेली नाही. पोलिसांच्या या गाफीलपणाचं मला अजून नवल वाटतं.

साडेआठच्या सुमारास गाडी दाराशी आली आणि एकामागून एक तीन स्फोट झाले. पहिल्यानंच रस्त्यावरचे गॅसचे दिवे विझले, खिडक्यांच्या काचा खळाखळा खाली आल्या. अंधारात घोडे, भालदार स्वार आणि बघे एकमेकांवर पडले. गाडीची चाळण झाली, घोडा मेला, गाडीत समोर बसलेला जनरल रोगे जखमी झाला. बादशहाच्या हॅटला भोक पडलं आणि नाकाला ओरखडा आला. तो आणि बादशाहीण युजेनी तशाच आत गेले, आपल्या सज्ज्यात उभे राहिले, लोकांनी जयजयकार केला आणि खेळ पुढे चालू राहिला.

रस्त्यावर आठ जण मेले किंवा मरायला टेकले होते आणि दीडशेच्या आसपास जखमी. त्यांत बादशहाला बघायला थांबलेले लोक होते, स्वार होते, पोलिस होते. ओर्सिनीच्या धाडसावर लिहिणारे बरेच जण या ओळीवरून घाईघाईनं पुढे सरकतात.

पकडापकडी रात्रीतच उरकली. गोमेझ समोरच्या हॉटेलात रडत बसलेला सापडला आणि आपण एका इंग्रज साहेबाचे नोकर आहोत असं बडबडला. त्या साहेबाच्या पत्त्यावर पोलिस गेले तर स्वतःच्याच बॉम्बचा तुकडा डोक्याला लागलेला ओर्सिनी अंथरुणात पडलेला.

ब्रिटनचं सरकार का पडलं?

सगळ्यात गुंतागुंतीचा भाग हाच. मारेकरी इटालियन होते, पण फ्रेंच लोकांचा संताप वळला लंडनकडे. इंग्लंड तेव्हा कुठल्याही देशातून हाकललेल्या राजकीय माणसाला विनाचौकशी राहू द्यायचं. राजेही यायचे, राजांना मारू बघणारेही यायचे. फ्रेंच परराष्ट्रमंत्री वालेव्स्की यानं २० जानेवारीला खरमरीत खलिता धाडला: आश्रयाचा हक्क खुन्यांनाही लागू आहे काय? त्याचबरोबर फ्रेंच सैन्यातल्या कर्नलांनी बादशहाला अभिनंदनाची पत्रं लिहिली आणि त्यांत लंडनची ती 'गुहा' उद्ध्वस्त करायची परवानगी मागितली. सरकारी वर्तमानपत्रानं ती छापली. ब्रिटनची बरीचशी फौज तेव्हा १८५७ चा उठाव मोडायला हिंदुस्थानात अडकली होती, त्यामुळे ही धमकी लंडनला जास्तच झोंबली.

पंतप्रधान होता लॉर्ड पामर्स्टन. त्यानं एक विधेयक आणलं. इंग्लंडात खुनाचा कट करणं हा तोवर किरकोळ वर्गातला गुन्हा होता, तो गंभीर वर्गात घालून सक्तमजुरीची शिक्षा ठेवायची, इतकंच. मजकूर अगदी वाजवी होता. ९ फेब्रुवारीला पहिल्या मतदानात तो २९९ विरुद्ध ९९ असा आरामात पुढे गेला.

मग दहा दिवसांत काय बिघडलं? विधेयक तेच होतं, चर्चा मात्र भलत्याच गोष्टीवर गेली. वालेव्स्कीच्या खलित्याला सरकारनं लेखी उत्तरच दिलेलं नाही, हे सभागृहाच्या लक्षात आलं. म्हणजे परक्यानं दम दिला, तुम्ही गप्प बसलात, आणि वर त्याला हवा तसा कायदा करायला निघालात? मिल्नर गिब्सन या खासदारानं नेमक्या याच मुद्द्यावर उपसूचना मांडली. विरोधकांनी संधी साधली, पामर्स्टनचे स्वतःचे काही लोक फुटले. १९ फेब्रुवारीला उपसूचना २३४ विरुद्ध २१५ मतांनी मंजूर झाली. १९ मतांनी सरकार गेलं. ज्या पामर्स्टननं आयुष्यभर छोट्या देशांवर आरमार धाडून दरारा कमावला, त्याच्यावरच परक्यापुढे नमल्याचा शिक्का बसून त्याला घरी जावं लागलं.

आता आपल्याकडे या. आदल्याच दिवशी, १८ फेब्रुवारीला, याच पामर्स्टननं कंपनीचा कारभार संपवून हिंदुस्थान थेट राणीच्या सरकारकडे घेणारं विधेयक मांडायची परवानगी ३१८ विरुद्ध १७३ मतांनी मिळवली होती. एका रात्रीत त्या विधेयकाचा बाप गेला. नवा पंतप्रधान डर्बी याच्या मंत्रिमंडळातल्या एलेनबरोनं दुसरं विधेयक आणलं. त्यात हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे काही सभासद लंडन, मँचेस्टर, लिव्हरपूल, ग्लासगो आणि बेलफास्टच्या मतदारांनी निवडायचे होते. म्हणजे अवध कसा चालवायचा हे बेलफास्टचा दुकानदार ठरवणार! त्याची इतकी टर उडाली की ते गुंडाळावं लागलं. तिसऱ्या खेपेला जे विधेयक आलं ते मंजूर होऊन २ ऑगस्ट १८५८ ला कायदा झाला. पामर्स्टनच्या मसुद्यात आठ नेमलेले सभासद होते. अखेरच्या कायद्यात पंधरा, आणि त्यांतले सात निवडायचा अधिकार कंपनीच्याच संचालकांना. पदच्युत कंपनीनं असा मागच्या दारानं पाय रोवला.

ओर्सिनीमुळे हिंदुस्थानचं भवितव्य बदललं असं मात्र कुणी म्हणू नये. कंपनीचा काळ भरलाच होता. फरक पडला तो मंडळाच्या रचनेत आणि काही महिन्यांच्या वेळात. त्या मार्चमध्ये ओर्सिनीचं डोकं पॅरिसमध्ये उडालं, तेव्हा ह्यू रोजची फौज झाशीच्या वाटेवर होती.

आणि इटली?

फेब्रुवारीच्या शेवटी खटला चालला. ओर्सिनीचा वकील झ्यूल फाव्र हा बादशहाचा राजकीय विरोधक. त्यानं भर कोर्टात ओर्सिनीनं तुरुंगातून बादशहाला लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. इटली स्वतंत्र होत नाही तोवर युरोपला आणि खुद्द बादशहालाही स्वस्थता लाभणार नाही, तेव्हा तुम्हीच तिला मोकळं करा, असा त्याचा रोख. खरी गंमत याच्यापुढे आहे. हे पत्र सरकारी वर्तमानपत्रात छापून आलं. ज्या राज्यात साध्या टीकेवर सेन्सॉरची कात्री चालायची, तिथं बादशहाच्या मारेकऱ्याचं आवाहन बादशहाच्या परवानगीनं सगळ्या देशानं वाचलं. मरण्यापूर्वी ओर्सिनीनं आणखी एक पत्र लिहिलं. ते तिकडे पीडमाँटच्या सरकारी पत्रात छापवून आणलं तिथला पंतप्रधान कावूर यानं.

युजेनीनं त्याच्या जिवासाठी रदबदली केली. पण इतकी माणसं मेल्यावर माफी देणं मंत्र्यांना शक्य वाटलं नाही. १३ मार्चला ओर्सिनी आणि पिएरी यांना गिलोटिनवर चढवलं. फ्रेंच कायद्यात बादशहावरचा हल्ला म्हणजे पितृहत्या, म्हणून अनवाणी, अंगात लांब सदरा आणि चेहऱ्यावर काळा बुरखा. फ्रान्समध्ये एव्हाना नवा सुरक्षा कायदा आला होता आणि त्याखाली चारशेहून जास्त जुन्या प्रजासत्ताकवाद्यांना खटल्याविना अल्जीरियात धाडण्यात आलं. त्यांचा या कटाशी काडीचा संबंध नव्हता.

चार महिन्यांनी, २१ जुलैला, प्लोंबिएर या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी नेपोलियन आणि कावूर गुपचूप भेटले. दुपारी बादशहानं स्वतः हाकलेल्या घोडागाडीतून ते डोंगरातून फिरले आणि त्या फेरफटक्यात सौदा पुरा झाला. ऑस्ट्रियाला डिवचून लढाई काढायची, उत्तर इटलीचं राज्य पीडमाँटला मिळवून द्यायचं, बदल्यात पीडमाँटचे सॅव्हॉय आणि नीस हे मुलूख फ्रान्सला. शिवाय पीडमाँटच्या राजाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोतिल्द बादशहाच्या पस्तिशीतल्या चुलतभावाला द्यायची. लग्न जानेवारीत लागलं, लढाई एप्रिलमध्ये. माजेंता, मग सोल्फेरिनो. सोल्फेरिनोच्या जखमींचे हाल बघून आंरी द्युनां या स्विस व्यापाऱ्यानं जे काम हाती घेतलं त्यातून रेड क्रॉस उभा राहिला. बादशहानं जुलैत अर्ध्यावरच तह केला, कावूर संतापानं राजीनामा देऊन मोकळा झाला, पण गाडा थांबला नाही. १७ मार्च १८६१ ला इटलीचं राज्य जाहीर झालं. नीस मात्र फ्रान्सला गेलं ते गेलंच, आणि ते इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीचं जन्मगाव होतं.

मग हे ओर्सिनीच्या बॉम्बचं फळ म्हणायचं का? अर्धवट. इटलीत काहीतरी करायचं नेपोलियनच्या मनात आधीपासून होतं. रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धात फ्रान्सच्या बाजूनं कावूरनं पंधरा हजारांच्या आसपास माणसं धाडली होती ती याच आशेनं. पण नेपोलियन महाचालढकल्या होता. बॉम्बनं त्याला भीती घातली की पुढचा ओर्सिनी कुठेतरी तयार होत असेल, आणि त्या पत्रानं फ्रेंच जनतेपुढे मांडायला कारण दिलं. आणि बादशहा मेला असता तर? गादीला दोन वर्षांचं पोर, भोवती चवताळलेले सेनापती, आणि इटालियन खुन्यांच्या देशासाठी लढायला एकही फ्रेंच माणूस तयार झाला नसता. ओर्सिनीला हवं होतं ते मिळालं, कारण त्याचा बॉम्ब चुकला.

राहिलेली माणसं

सिमों बेर्नारवर एप्रिलमध्ये लंडनला खटला झाला. पुरावा चांगला भक्कम होता. त्याच्या वकिलानं ज्युरीपुढे फ्रेंच संगिनींचं चित्र उभं केलं, हुकूमशहाच्या धाकाला बळी पडू नका म्हणाला, आणि ज्युरीनं त्याला सोडलं. कोर्टात टोप्या उडाल्या. गंमत म्हणजे पामर्स्टन ज्या तरतुदीपायी पडला तशीच तरतूद १८६१ च्या एका मोठ्या फौजदारी कायद्यात चौथं कलम म्हणून आली आणि कुणी हूं की चूं केलं नाही. तोवर पामर्स्टन पुन्हा पंतप्रधान झाला होता.

रूदिओची मृत्युदंडाची शिक्षा जन्मठेपेवर आली. त्याला दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात धाडलं, तिथून तो पळाला, अमेरिकेत पोचला, यादवी युद्धात लढला आणि सैन्यात अधिकारी झाला. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत तिथल्या मूळ रहिवासी टोळ्यांनी अमेरिकन सेनानी कस्टरची तुकडी कापली तेव्हा त्याच रेजिमेंटच्या दुसऱ्या तुकडीत तो होता आणि तिथूनही जिवंत परतला. म्हातारपणी त्यानं एक सनसनाटी दावा केला: ऑपेराबाहेरचा तिसरा बॉम्ब ओर्सिनीनं नव्हे, फ्रान्चेस्को क्रिस्पीनं टाकला होता. क्रिस्पी म्हणजे पुढे दोनदा इटलीचा पंतप्रधान झालेला माणूस, आणि दावा झाला तेव्हा तो खंडन करायला हयात नव्हता. इतिहासकार हे मानत नाहीत; ओर्सिनीच्या डोक्याची जखमच त्याच्या आड येते. रूदिओ १९१० मध्ये कॅलिफोर्नियात वारला, निवृत्त मेजर म्हणून, अमेरिकन सरकारचं पेन्शन खात.